पाच लाकडांचं फडताळ

मलकाप्पा मिस्त्री लाकूड घेण्याआधी ते चाटून बघायचे. मी हे पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच दारात. वखारीतून फळ्यांची बैलगाडी आली होती. मिस्त्री गाडीपाशी उकिडवे बसले, एका फळीच्या टोकाचा बारीकसा धलपा नखाने काढला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. वखारवाला आपल्या सागवानाची तारीफ करत होता. मिस्त्री डोळे न उघडताच त्याला म्हणाले, "गप बस की जरा. त्याला बोलू दे." 'त्याला' म्हणजे लाकडाला. मग त्यांनी धलपा थुंकला आणि दोन फळ्या बाजूला काढल्या. "ह्या पाण्यात पडून होत्या. परत ने." वखारवाला कुरकुरला, पण नेल्या. मी दाराआड पदर तोंडात कोंबून हसत होते. माणूस अर्धवट आहे, अशी माझी खात्री झाली होती.

मिस्त्री ठेंगणे, काळेसावळे, कपाळावर विभूती आणि कानावर पेन्सिल. उजव्या अंगठ्याला नख नव्हतं. अक्कलकोटच्या रस्त्याला, जिथे तेव्हा बाभळी आणि बोरीच होत्या, तिथे त्यांची पत्र्याची शेड होती. घरात कानडी बोलायचे, आमच्याशी मराठी, आणि रंधा अडला की दोन्ही भाषा एकत्र करून त्याला शिव्या द्यायचे. माणसांना मात्र कधी वाकडा शब्द नाही. बायकांना अव्वा नाहीतर अक्का, पुरुषांना मालक. त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं, आणि ते दिवसातून दोनदा तरी ऐकावं लागायचं. "डोळं कशालाबी भुलतंय. हाताला फसवून दाखवा की."

सोलापुरात मार्शल लॉ लागून गेला, त्यानंतर दोनेक वर्षांनी माझं लग्न झालं. सासरचे मूळ वैरागचे. मामंजी एका गिरणीत हेडक्लार्क होते, आणि आमचे हे त्याच गिरणीच्या हिशेबखात्यात. सासूबाईंना सगळे माई म्हणत. मी घरात आले तेव्हा माईंच्या डोळ्यांत काचबिंदू पुरता उतरला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. उजेड आणि अंधार एवढाच काय तो फरक त्यांना कळायचा. तरी स्वयंपाक त्याच करत. तीस वर्षांची सवय, डबे कुठे आहेत ते हाताला पाठ होतं.

मग ती आमटी झाली. मामंजींच्या कचेरीतली चार माणसं जेवायला होती. मी नवी, कामाचा उत्साह फार, म्हणून आदल्या दिवशी डबे घासूनपुसून माझ्या मनाने नीट मांडून ठेवले होते. माईंनी मीठ म्हणून धुण्याचा सोडा घातला. आमटी पातेल्यात फसफसून वर आली. पाहुणे भले, लोणच्याशी भाकरी खाऊन हसत उठले. पण मामंजींची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी ते माईंना म्हणाले, "आता पुरे झालं. सूनबाई आली आहे. तुम्ही आराम करा." डबे मी हलवले होते हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, स्वयंपाकघर आपल्या हाती येणार म्हणून मला आत कुठेतरी आनंदच झाला होता.

माई दाराबाहेरच्या ओट्यावर बसून राहायला लागल्या. तांदूळ निवडायला मागायच्या. मी द्यायची, आणि त्यांनी निवडलेला तांदूळ आत नेऊन पुन्हा निवडायची. सूप पाखडल्याचा आवाज त्यांना बाहेर ऐकू जायचा, हे माझ्या डोक्यात आलं नाही. हळूहळू त्यांनी तांदूळ मागणं सोडलं. बोलणं कमी झालं, जेवण निम्म्यावर आलं. एकदा पहाटे मी पाणी तापवायला उठले, तर माई चुलीपुढे बसल्या होत्या. चूल विझलेली होती. त्या नुसत्या राखेवरून हात फिरवत होत्या. मला बघून, म्हणजे माझी चाहूल लागून, चोरी पकडल्यासारख्या उठल्या. स्वतःच्या घरात राहायचं आणि चुलीला हात लावायचा नाही, हे त्यांना सोसत नव्हतं. सगळ्यांना दिसत होतं, पण उपाय कुणापाशी नव्हता.

मामंजींनी आपल्या परीने उपाय काढला तो स्वयंपाकघर नवं करण्याचा. गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यावर त्यांनी काचेच्या दारांची, एकसारख्या सागवानाची कपाटं पाहिली होती. तशीच कपाटं भिंतीला उंच लावायची, शहाबादी फरशीचा ओटा करायचा आणि सुनेने उभं राहून स्वयंपाक करायचा. सगळा बेत माझ्यासाठी, आणि मी हवेत. अशा वेळी मलकाप्पा मिस्त्री मापं घ्यायला आले.

मामंजींनी त्यांना कागदावर काढलेलं चित्र दाखवलं. मिस्त्रींनी ते सगळं ऐकून घेतलं, आणि मग विचारलं, "सैपाक कोन करतंय?"

बाहेरून माईंचाच आवाज आला, "आता ही करती. मला दिसत न्हाई."

मिस्त्री उठून ओट्यावर गेले, माईंपुढे बसले. "कवापासनं दिसंना, अव्वा?"

"दोन-तीन वरसं झाली."

"आनि सैपाक कवापासनं सोडला?"

"दोन महिनं."

"म्हंजे दोन-अडीच वरसं न दिसता केलासाच की." एवढं म्हणून ते आत आले, मामंजींचा कागद घडी घालून त्यांच्या हातात दिला आणि निघून गेले.

चार दिवसांनी ते एक पोतं घेऊन आले. पोत्यात लाकडाचे हातभर तुकडे होते. मामंजींनी त्यातला गुळगुळीत सागवानी तुकडा उचलला आणि म्हणाले, हेच, सगळीकडे हेच लावा. मिस्त्रींनी मान डोलावली आणि उरलेले तुकडे एकेक करून माईंच्या मांडीवर ठेवले. माईंनी पहिला तुकडा हातात घेतला, नाकाशी नेला. "लिंब," त्या म्हणाल्या. कडुनिंबाला आमच्याकडे लिंबच म्हणतात. दुसरा तुकडा जरा खरबरीत होता. "आंबा. आमच्या वैरागच्या मळ्यातलं झाड पडलं तवा असाच वास सुटला हुता." तिसरा जड आणि गार. त्यावरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं. "शिसव. माज्या आईच्या पाटाचं." बाभूळ त्यांनी नुसत्या वजनावर ओळखली. शेवटी मामंजींच्या हातातला तुकडा त्यांनी मागून घेतला, अंगठा चोळला आणि म्हणाल्या, "ह्यो तेलकट लागतोय. साग." आणि हसल्या. दोन महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"झालं तर," मिस्त्री म्हणाले. "पाच लाकडं, पाच जागा. मालक, लिंबात डाळी-कडधान्य ठिवतो, किडा यायचा न्हाय. तेल-तूप-लोनचं सागात, त्याला डाग लागला तरी त्यो पिऊन टाकतोय. पिठं आंब्यात. मसाला शिसवात. खाली जड भांड्यांला बाभळ. अव्वानं हात लावला की तिला कळंल आपुन कुटं हाय."

मामंजी रागावले. घर आहे की वखार, म्हणाले. पाच रंगांची गोधडी भिंतीला लावल्यासारखं दिसेल, लोक हसतील. मिस्त्रींनी शांतपणे तुकडे पोत्यात भरायला घेतले. "पावन्यास्नी दावायचं फडताळ पायजे का अव्वास्नी हात लावायचं, तेवडं ठरवा. दावायचं पायजे असंल तर गावात चांगलं सुतार लई हायती. मला त्ये जमायचं न्हाय." ते पोतं खांद्यावर टाकून पायरीपर्यंत गेले. मामंजी माईंकडे पाहत होते. माईंच्या मांडीवर शिसवाचा तुकडा राहिला होता आणि त्या तो सोडत नव्हत्या. मामंजी म्हणाले, "मिस्त्री, बसा. चहा घेऊन जा."

मग पंधरा दिवस घरात भुसाच भुसा झाला. उभा ओटा रद्द झाला, कारण माई जन्मभर बसून रांधत आल्या होत्या. मिस्त्रींनी त्यांना चुलीपुढे बसवून रोज खोटा स्वयंपाक करायला लावला. माई हात लांबवायच्या, आणि हात जिथे पोचेल तिथे मिस्त्री भिंतीवर खडूची रेघ मारायचे. भाकरी थापतानाचं कोपर, डावाने वाढतानाचा खांदा, उठताना टेकायचा हात, सगळ्याच्या रेघा. भिंत लहान मुलांनी खराब केल्यासारखी दिसायला लागली. त्या रेघांवरून बुटकं, रुंद, चुलीच्या तिन्ही बाजूंनी फिरणारं फडताळ उभं राहिलं. त्याला दारं नव्हती. "दार उगडं राहिलं की कपाळमोक्ष हुतोय," मिस्त्री म्हणाले, आणि दारांच्या जागी बाजूला सरकणाऱ्या जाळ्या बसवल्या. प्रत्येक कप्प्याच्या काठाला माईंनी सांगितलं तशा पटाशीने खाचा पाडल्या. एक खाच तुरीला, दोन मुगाला, तीन हरभऱ्याला. सोड्याला त्यांनी स्वयंपाकघरात जागाच दिली नाही, मोरीत नेऊन ठेवला.

काम संपल्यावर मिस्त्री मला म्हणाले, "अक्का, डोळं मिटा. जिरं काडून द्या." मी मोठ्या ऐटीत हात घातला आणि मोहरी काढली. पुन्हा घातला, तर हळद. माई मागे बसून ऐकत होत्या. त्यांनी हात लांबवला आणि जिऱ्याची वाटी काढून माझ्या हातात ठेवली. "शिकशील," म्हणाल्या. त्या दिवशी रात्रीचं जेवण माईंनी केलं. शेंगाची चटणी, वांग्याची भाजी, ज्वारीच्या पातळ भाकरी. मामंजी तीन भाकरी जेवले. एरवी दोन जेवायचे.

इथेच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण घरात मी होते ना.

दोन वर्षांनी धाकट्या दिरांचं लग्न ठरलं. तोवर माईंच्या हाताखाली मी बरीच सुधारले होते. त्यांच्यावर माझा जीव जडला होता, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं ऐकून माझ्याविषयी फार वाईट वाटणार नाही. नव्या सोयऱ्यांच्या बायका घर बघायला आल्या तेव्हा त्या पाच रंगांच्या फडताळाकडे बघून एकमेकींना कोपर मारत होत्या. मला ते लागलं. माझ्या माईंच्या फडताळाला हसतात म्हणजे काय. लग्नाआधी माई आठ दिवस वैरागला भावाकडे गेल्या. घराला चुना लावायला रंगारी आले होते. मी ह्यांच्या मागे लागून एका रंगाऱ्याकडून फडताळाला तेलाचा रंग लावून घेतला. सुंदर पोपटी, वरपासून खालपर्यंत एकसारखा. रंगारी काम चोख करणारा. लाकडातले खड्डे दिसू नयेत म्हणून त्याने आधी लांबी, म्हणजे खडू-तेलाचा लगदा, भरली आणि सगळ्या खाचा बुजवून काठ सपाट केले. मी समोर उभी राहून कौतुक करत होते. माईंना काय वाटेल, या विचाराने मला आनंद मावत नव्हता.

माई आल्या, पाय धुतले, चुलीपुढे बसल्या आणि सवयीने उजवीकडे हात घातला. हात थांबला. डावीकडे घातला. पुन्हा उजवीकडे. सगळीकडे तेच गुळगुळीत, तोच टर्पेंटाइनचा वास. त्यांनी काठावरून बोट शेवटपर्यंत ओढत नेलं. मग हात मांडीवर ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "सुमन, ह्ये कुणाचं घर हाय गं?"

त्या रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं. पण त्या उठल्या, भिंतीला हात लावत बाहेर गेल्या आणि ओट्यावर जाऊन बसल्या.

मी कुणाला न विचारता घराबाहेर पडले. त्या काळी सुनेने एकटीने अक्कलकोटच्या रस्त्याला सुताराच्या शेडवर जायचं म्हणजे गावभर चर्चा. मी गेले. मिस्त्री चौकट घासत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, त्या आमटीच्या आदल्या दिवशी डबे मी हलवले होते तेसुद्धा सांगून टाकलं, आणि रडायला लागले. मला वाटलं, आता हा माणूस मला चार शब्द सुनावणार, आणि सुनावावेतच. त्यांनी रंधा खाली ठेवला. "अक्का, चूक माजी हाय. फडताळ कसं वाचायचं त्ये मी अव्वाला शिकवलं. घरच्यांस्नी शिकवायचं राहून गेलं. घर काय एकट्या अव्वाचं हाय का?" मग म्हणाले, "पर रंग खरवडायला मात्र तुमीच बसायचं. मी नुसता दावनार."

दुसऱ्या दिवशी ते फुटक्या बाटलीच्या काचा घेऊन आले. सुतार लाकूड तासायला काचेचा तुकडा वापरतात हे मला तोवर माहीत नव्हतं. काच कशी तिरपी धरायची, लाकडाच्या रेषांच्या दिशेने कसं जायचं, ते त्यांनी एकदा दाखवलं आणि स्वतः कोपऱ्यात बसले. त्यांना तेव्हा खोकला जडला होता. मी सहा दिवस खरवडत होते. बोटं चिरली, चिंध्या बांधून काम केलं. लग्नघर, दारात मांडव पडतोय, आणि थोरली सून काचेने कपाट खरवडतेय. मामंजी दोनदा येऊन दारात उभे राहिले. दुसऱ्या वेळी त्यांनी अंगरखा काढून ठेवला आणि माझ्या शेजारी बसून त्यांनीही एक काच घेतली. हेडक्लार्क माणूस, हात मऊ, पण उठले नाहीत.

सागाने रंग फारसा धरलाच नव्हता, तो लवकर मोकळा झाला. शिसवही निघालं. लिंबाला वेळ लागला, पण तिसऱ्या दिवशी त्याचा कडवट वास परत आला, आणि बाहेर बसलेल्या माईंनी मान वळवली. आंब्याने मात्र रंग पोटभर पिऊन घेतला होता, ते गेलंच. मिस्त्रींनी त्या जागी नवा आंबा घातला. शेवटी खाचा राहिल्या. मी पटाशी त्यांच्यापुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. माईंना आत बोलावून माझ्या शेजारी बसवलं आणि म्हणाले, "अव्वा, तुमी सांगा. अक्का पाडंल." माईंनी माझा हात धरून काठावर ठेवला. "हितं तूर," त्या म्हणाल्या. माझी पहिली खाच वाकडी गेली. माईंनी तिच्यावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. वाकडी म्हंजे तूर, ध्यानात राहील." लग्नाचे लाडू माईंच्या देखरेखीखाली त्याच चुलीपुढे वळले गेले.

त्यानंतर मिस्त्री अधूनमधून यायचे. जाळी नीट सरकते का बघायचे, माईंच्या हातची भाकरी खायचे, मला डोळे मिटायला लावून काहीतरी काढायला सांगायचे. मी आता चुकत नव्हते. चुकले नाही की ते जरा नाराज दिसायचे. मी त्यांना कधी नीट, शब्दांनी, धन्यवाद दिले नाहीत. तशी रीतच नव्हती आमच्यात, आणि वाटायचं, माणूस कुठे जातोय.

एका वर्षी सिद्धेश्वराची यात्रा नुकतीच उठली होती. सकाळी त्यांचा थोरला मुलगा दारात आला. खोकल्याने पहाटे मिस्त्री गेले, एवढंच सांगून तो पुढच्या घरी निरोप द्यायला गेला. मी आत येऊन माईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांच्या घरात आज चूल पेटायची न्हाई. माणसं किती हायती?"

"वीसेक तरी असतील, माई."

"परात दे."

मी पिठाला हात लावणार, तर म्हणाल्या, "तू लाकडं सार तेवडी. बाकी कशाला हात लावू नगं." आणि आंब्याच्या कप्प्यातून त्यांनी पीठ घेतलं, लिंबातून डाळीचं पीठ काढायला गेल्या, थांबल्या, स्वतःशीच म्हणाल्या, "पीठ आंब्यात," आणि पुन्हा आंब्याकडे वळल्या. चाळीस भाकरी त्यांनी एकटीने थापल्या. मोठं पातेलं भरून पिठलं केलं. घामाने लुगडं ओलं झालं होतं, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं ते धुराचं होतं असं मी म्हणणार नाही. मी फक्त जाळ बघत होते आणि त्यांचे हात बघत होते. त्यानंतर ते एकदाही चुकले नाहीत.

टांगा करून आम्ही शेडवर गेलो. मिस्त्रींच्या बायकोने, गौरव्वाने, सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. सुना विनवून थकल्या होत्या. माई चाचपत तिच्यापाशी गेल्या, खाली बसल्या, भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि डाव्या हाताने तिचा चेहरा शोधून घास तिच्या ओठांना लावला. गौरव्वाने तोंड फिरवलं. माईंनी हात तसाच धरून ठेवला. "माज्या हातचं हाय," त्या म्हणाल्या. "तुज्या मालकाला आवडायचं." गौरव्वाने त्यांच्याकडे पाहिलं आणि घास घेतला. मग दुसरा घेतला. तिच्या सुना तोंडाला पदर लावून रडायला लागल्या आणि मीही रडले. मिस्त्रींनी आमच्या घरासाठी काय केलं होतं ते मला तिथे, त्या परक्या अंगणात, पुरतं कळलं. आभार मानायला समोर ते नव्हते.

परतताना टांग्यात माई रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वाटेत म्हणाल्या, "सुमन, घरी गेल्यावर ज्वारी दळायला टाक. उद्याबी न्यायचंय."